व्हिसलरच्या बर्फात तीन दिवस : तयारी, खर्च आणि नमाज

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत आहे. तेथील व्हँकुव्हर शहरापासून उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर व्हिसलर नावाचे डोंगरी गाव आहे. बर्फावर लाकडासारख्या लांब पट्ट्या पायांना बांधून उतारावरून घसरत जाण्याचा जो खेळ आहे, त्याला स्कीइंग म्हणतात. या खेळासाठी जगातून लोक ज्या मोजक्या ठिकाणी जातात, त्यात व्हिसलरचे नाव बरेच वर आहे. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमधील डोंगर उतरण्याच्या शर्यती येथेच झाल्या.

२०२५ च्या जानेवारीत आमच्या कुटुंबाने तेथे तीन दिवस काढले. आमचे भाईजान नोकरीनिमित्त व्हँकुव्हरजवळच्या सरे शहरात स्थायिक आहेत. सहा वर्षांत त्यांची मुले आपल्या दादीला भेटली नव्हती. अम्मींची सत्तरी उलटली होती. म्हणून सफरीचा मूळ हेतू भेटीचा होता आणि बर्फ हा मुलांचा हट्ट होता. परतल्यावर अनेक नातेवाइकांनी आणि सहकाऱ्यांनी विचारले की, असल्या ठिकाणी आपल्यासारख्या घरातील माणसांनी जावे का, आणि गेले तर नमाज, खाणे, पर्दा यांचे कसे करावे? त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

आधी हिशेब

शिक्षकाच्या पगारात कॅनडाची सहल सहज बसत नाही. ठरवण्यापूर्वी घरात पुष्कळ चर्चा झाली. अम्मींनी एकच वाक्य सांगितले, "पैसा तुमचा आहे, पण हिशेब वर द्यायचा आहे." त्यावरून आम्ही स्वतःला चार प्रश्न विचारले. फर्ज हज बाकी आहे का? जकात आणि कुणाचे देणे राहिले आहे का? यासाठी व्याजाचे कर्ज काढावे लागेल का? आणि हा खर्च घरातील एखाद्याच्या शिक्षणाच्या किंवा औषधाच्या आड येईल का?

हज अल्हमदुलिल्लाह झाला होता. जकात दिलेली होती. विमानाच्या तिकिटांसाठी आम्ही चार वर्षे भिशी लावली. हप्त्यांवर सहल विकणाऱ्यांची पत्रके आली, पण त्या हप्त्यांत व्याज होते म्हणून ती बाजूला ठेवली. तीन आठवड्यांचा मुक्काम भाईजानच्या घरी होता, म्हणून राहण्याचा खर्च फक्त व्हिसलरच्या दोन रात्रींचा होता. हे चारही प्रश्न सुटले नसते तर आम्ही गेलो नसतो. ज्या कुटुंबाचा हज बाकी आहे आणि पैसा हाताशी आहे, त्याने व्हिसलरच्या आधी मक्केचा रस्ता धरावा.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. कॅनडात आपले कोणी नसेल आणि केवळ बर्फावर घसरायचे असेल, तर आपल्या देशात गुलमर्ग आहे. ते सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि तेथील रोपवे ३,९०० मीटरच्या आसपास नेतो. केंद्र सरकारची स्कीइंग शिकवणारी संस्थाही तेथे आहे. मशीद आणि हलाल जेवण शोधावे लागत नाही. खर्चही कितीतरी कमी होतो. आम्हीही आधी गुलमर्गचाच विचार केला होता. भाईजान सरेत नसते तर तेथेच गेलो असतो.

केव्हा जावे

व्हिसलरचा हंगाम बहुधा नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होतो आणि वसंतापर्यंत चालतो. दिवाळीच्या सुट्टीत हंगाम सुरू झालेला नसतो. मे महिन्याच्या सुट्टीत वरच्या भागात थोडा बर्फ असतो, पण खालचा, नवशिक्यांच्या कामाचा बर्फ वितळलेला असतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा सर्वांत महाग आणि गर्दीचा. फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी तिकडे सुट्टी असते आणि त्या आठवड्याच्या शेवटीही गर्दी उसळते. म्हणून आम्ही नववर्षाची गर्दी ओसरल्यावरचा जानेवारी निवडला आणि त्यातही सोमवार ते बुधवार. त्यासाठी शाळेतून रजा काढावी लागली.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, हेही लक्षात घ्यावे. आता तो ऐन स्कीच्या हंगामात येऊ लागला आहे. रोजा ठेवून हा खेळ शिकायला जाऊ नये, कारण यात घाम खूप येतो आणि पाणी वारंवार प्यावे लागते. दिनदर्शिका पाहून मगच तारखा ठरवाव्यात.

व्हिसासाठी आम्ही पाच महिने आधी अर्ज केला. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि बोटांचे ठसे व फोटो देण्यासाठी व्हिसा केंद्रात जायचे. प्रत्येकी शुल्क १०० कॅनेडियन डॉलर आणि ठशांचे ८५ डॉलर असे होते. एकत्र अर्ज करणाऱ्या कुटुंबाला ठशांच्या शुल्कात सवलत मिळते. भाईजानचे निमंत्रणपत्र, शाळेचा रजेचा दाखला आणि बँकेचे तपशील जोडले. त्या वेळी एका कॅनेडियन डॉलरला साधारण ६० रुपये पडत होते.

समुद्रापासून आभाळापर्यंत

व्हँकुव्हरहून व्हिसलरला जाणाऱ्या रस्त्याचे नावच समुद्र ते आभाळ अशा अर्थाचे आहे आणि ते खरे आहे. शहर सोडताच डाव्या हाताला समुद्राची एक लांब खाडी लागते. तिच्या कडेने डोंगर थेट पाण्यातून उठलेले दिसतात. आम्ही चिपळूणचे. घाट आणि खाडी आम्हाला नवी नाही. पण दाभोळच्या खाडीवर उभे राहून वर पाहावे आणि डोंगरमाथे पांढरे असावेत, हे दृश्य नवे होते. वाटेत ब्रिटानिया बीच येथे तांब्याची जुनी खाण आहे, आता तेथे संग्रहालय आहे. पुढे ३३५ मीटरवरून उतरणारा शॅनन धबधबा आणि स्क्वॉमिश गावावर उभा असलेला ग्रॅनाइटचा प्रचंड कडा लागतो.

या रस्त्यावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात गाडीला हिवाळी टायर लावणे कायद्याने बंधनकारक आहे. बर्फाळ रस्त्याची सवय नसलेल्याने भाड्याची गाडी स्वतः चालवू नये. विमानतळावरून आणि शहरातून व्हिसलरला बस जातात. आम्हाला भाईजानची गाडी होती.

व्हिसलर गाव जेथे आहे ती जमीन स्क्वॉमिश आणि लिलवत या तेथील मूळ लोकांची. त्यांनी मिळून उभारलेले सांस्कृतिक केंद्र गावात आहे आणि ते पाहण्यासारखे आहे. झाडाच्या सालीपासून विणलेल्या टोपल्या आणि एका ओंडक्यातून कोरलेल्या होड्या पाहताना अम्मी सर्वांत जास्त वेळ रमल्या. पहिला स्की पाळणा १९६६ मध्ये सुरू झाला. शेजारचा ब्लॅककोम डोंगर १९८० मध्ये खुला झाला. आज जेथे दुकाने आणि हॉटेले झगमगतात, तेथे पूर्वी परिसराचा कचरा टाकला जात असे. डोंगराचे नाव शिट्टीवरून पडले आहे. खडकात राहणारा मार्मट नावाचा घुशीसारखा प्राणी शिट्टी मारतो, त्यावरून.

उंचीची भीती बाळगू नये. गाव केवळ ६७५ मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या निम्म्या उंचीवर. सर्वांत वरचा पाळणा सुमारे २,२८० मीटरपर्यंत नेतो. त्यामुळे विरळ हवेचा त्रास वृद्धांनाही सहसा होत नाही. मात्र समुद्र जवळ असल्याने बर्फ ओलसर असतो आणि गावात बर्फाऐवजी पाऊसही पडतो. आमच्या पहिल्या दिवशी खाली रिमझिम आणि वर दाट बर्फ होता.

शिकणे, पडणे आणि तिकीट

दोन्ही डोंगर मिळून आठ हजार एकरांहून अधिक क्षेत्र आणि २०० हून अधिक उतार आहेत. एवढा पसारा पाहून नवशिक्या घाबरतो. पण पहिल्या तीन दिवसांत त्याला त्यातील एक कोपराच लागतो. उतारांच्या पाट्यांवर खुणा असतात. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे कठीण आणि दोन काळे हिरे म्हणजे केवळ तरबेज लोकांसाठी. या खुणा मुलांकडून पाठ करून घ्याव्यात, कारण धुक्यात चुकीच्या वळणावर गेले की परत वर येता येत नाही.

ऐन दिवशी खिडकीवर घेतलेले एका दिवसाचे तिकीट २०० डॉलरच्या वर जाते, म्हणजे माणशी बारा हजार रुपये. हंगामापूर्वी घेतले तर बरेच स्वस्त पडते. नवशिक्यांसाठी शिकवणी, तिकीट आणि सामान एकत्र मिळते, तेच घ्यावे. भावाकडून किंवा मित्राकडून शिकू नये. भाईजान चांगले स्की करतात, पण त्यांनी स्वतःच सांगितले, "मला करता येते, शिकवता येत नाही."

पहिला धडा सपाट जागी असतो. वर नेण्यासाठी जमिनीलगत सरकता पट्टा असतो. थांबण्यासाठी दोन्ही पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणायची आणि मागची फाकवायची. मुलांना ही कृती पिझ्झा या शब्दाने शिकवतात, कारण आकार पिझ्झाच्या तुकड्यासारखा होतो. शिक्षक म्हणून आम्हाला ती पद्धत आवडली. वाकणे, कोन, वजन असे शब्द न वापरता एका शब्दात सगळे शरीर कामाला लागते. आमचा पाचवीतला मुलगा तासाभरात घसरू लागला. आठवीतली मुलगी दिवसभर पडत होती आणि उठत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती हिरव्या उतारावरून न पडता खाली आली.

तिला वेगळीच काळजी होती. हेल्मेट घालताना हिजाब काढायला सांगतील, असे तिला वाटत होते. कोणी काही विचारलेही नाही. खरे म्हणजे बर्फात सगळेच डोके, मान आणि अर्धा चेहरा झाकून असतात. सैल जाकीट, सैल पँट, हातमोजे आणि चष्मा घातल्यावर कोण स्त्री, कोण पुरुष हेही चटकन कळत नाही. एवढेच पाहावे की हेल्मेटखाली पातळ, घट्ट बसणारा हिजाब किंवा डोके-मान झाकणारी टोपी असावी, पिन नसावी आणि ओढणीचे टोक मोकळे लोंबू नये, नाहीतर ते पाळण्यात अडकेल. स्त्री प्रशिक्षक हवी असल्यास नोंदणी करतानाच विचारावे.

कपड्यांत सुती काहीही आत घालू नये. सुती कापड घामाने भिजते आणि मग थंडी हाडांत शिरते. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर उबदार थर आणि बाहेर पाणी न शिरणारे जाकीट हवे. बाहेरचे कपडे तेथे भाड्याने मिळतात. तीन दिवसांसाठी विकत घेणे ही खरी उधळपट्टी.

विमा काढताना कागद नीट वाचावा. साध्या प्रवास विम्यात हिवाळी खेळांतील दुखापत पुष्कळदा धरलेली नसते आणि तेथील उपचार परदेशी माणसाला अतिशय महाग पडतात. आखलेल्या उतारांबाहेर, झाडांमध्ये मुळीच जाऊ नये. मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली मऊ बर्फाचा खोल खड्डा तयार होतो. त्यात डोके खाली करून पडलेला माणूस स्वतः बाहेर येऊ शकत नाही.

नमाज आणि किब्ला

व्हिसलर सरेहून सुमारे १५० किलोमीटर आहे, म्हणून तेथे आम्ही मुसाफिर होतो आणि जोहर, असर, इशा यांच्या चारऐवजी दोन रकाती होत्या. आम्ही कोकणातले शाफई, भाभी सोलापूरच्या हनफी. त्यामुळे एकाच घरात दोन पद्धतींचे नियोजन करावे लागले. जानेवारीच्या मध्यावर तेथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. जोहरची वेळ साडेबाराच्या आत सुरू होते. पाळणे तीन-साडेतीनपर्यंत बंद होतात.

शाफई मुसाफिराला जोहर आणि असर एकत्र करता येतात, म्हणून आम्ही जोहरच्या वेळेत तशी नियत करून खाली आल्यावर दोन्ही एकत्र अदा केल्या. हनफी मताप्रमाणे प्रत्येक नमाज आपल्या वेळेतच असते. भाभी दुपारी डोंगरावरच्या विश्रांतिगृहात जोहर पढायच्या आणि खाली उतरून असर. दोघांच्याही नमाजा आरामात झाल्या. विश्रांतिगृहातील कर्मचाऱ्याला शांत कोपरा विचारला, त्याने लगेच दाखवला. फजर सहानंतर असल्याने ती घरीच अदा करून, नाश्ता करून निघता येते.

वुजूचे पाणी गरम मिळते, पण स्कीचे बूट काढणे-घालणे हे मोठे काम आहे. चामड्याच्या मोज्यांवर मसह करण्याची मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्रींची सवलत आहे. मात्र त्या मोज्यांसह बूट पायात बसतो का, हे भाड्याने घेतानाच पाहावे. आपापल्या आलिमांना निघण्यापूर्वी विचारून घेतलेले बरे.

मुलांना सर्वांत नवल वाटले ते किब्ल्याचे. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला. व्हँकुव्हरच्या बाजूला तो उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकलेला. मुलांना ते पटेना. भाईजानच्या घरी पृथ्वीगोल होता. त्यावर व्हँकुव्हर ते मक्का असा दोरा ताणून धरला, तेव्हा तो उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशावरून आणि मग युरोपवरून खाली उतरला. सपाट नकाशावर जे कळत नाही, ते दोऱ्याने एका मिनिटात कळले. घरी गोल असेल तर हा प्रयोग जरूर करून पाहावा.

खाणे आणि राहणे

स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी, हा आमचा पहिला नियम होता. सरेत हलाल मटण-चिकनची दुकाने आहेत. तेथूनच खिमा शिजवून, चपात्या भाजून थंड डब्यात भरून नेल्या. दुपारी डोंगरावर मासे किंवा शाकाहारी सूप घेतले. ब्रिटिश कोलंबियाचा सॅमन मासा प्रसिद्ध आहे आणि कोकणी माणसाला मासा मिळाला की परदेश अर्धा कमी वाटतो. मुलांच्या गरम चॉकलेटवर पांढऱ्या मऊ गोळ्या टाकतात, त्यांत जिलेटिन असते. त्या नको म्हणून आधीच सांगावे.

संध्याकाळी गावाच्या मुख्य चौकात मद्यालये भरतात. म्हणून आम्ही चौकापासून दूर, क्रीकसाइड भागात राहिलो. १९६६ मधला पहिला पाळणा तेथूनच सुरू झाला होता. भाग शांत आहे आणि मुख्य गावात बस जाते.

ज्यांना घसरायचे नाही त्यांच्यासाठी

अम्मींना स्की करायचे नव्हते, पण त्या खोलीत बसून राहिल्या नाहीत. व्हिसलर आणि ब्लॅककोम या दोन शिखरांना जोडणारा बंद पाळणा २००८ मध्ये सुरू झाला. तो ४.४ किलोमीटर लांब आहे आणि मधल्या तीन किलोमीटरहून अधिक अंतरात त्याला एकही खांब नाही. खाली दरी, सर्वांत खोल जागी ४३६ मीटर. अकरा मिनिटांत तो पलीकडे पोहोचतो. ढग विरले तेव्हा समोरच्या कड्यांवर बर्फाच्या पांढऱ्या रेघा आणि काळा खडक एकाआड एक दिसत होता. सूरह फातिरमध्ये डोंगरांतील पांढऱ्या, लाल आणि काळ्या पट्ट्यांचा उल्लेख आहे. अम्मींनी ती सूरह आयुष्यभर वाचली होती. त्या हलक्या आवाजात सुब्हानल्लाह म्हणत राहिल्या. शेजारी बसलेल्या नातीने विचारले, "दादी, काय दिसते?" अम्मी तिला बोटाने एक-एक रेघ दाखवू लागल्या. कॅनडात वाढलेली ती मुलगी डोंगर रोज पाहते, पण दादीकडून प्रथमच पाहत होती.

पुढे जाणाऱ्यांसाठी क्रम थोडक्यात असा. वर्षभर आधी पैशाचा आणि हजचा विचार. सहा महिने आधी दिनदर्शिका, रजा आणि व्हिसा. हंगामापूर्वी तिकिटे व शिकवणी. महिनाभर आधी विमा आणि आलिमांना मसले विचारणे. शेवटच्या आठवड्यात घडीची जानमाज, किब्ला दाखवणारे होकायंत्र आणि खिम्याचा डबा. रोज अर्धा तास चालणे आणि जिने चढणे मात्र आजपासूनच सुरू करावे, कारण बर्फात पैशांपेक्षा गुडघे आधी संपतात.

अल्लाह आपल्या सर्वांच्या कमाईत बरकत देवो, सफर आसान करो आणि दूर राहणाऱ्या आप्तांची भेट घडवो. आमीन.